मोहाच्या दिवसांत सडा पडत नाही

मूल गावच्या बाजारात काल मोहफुलांचा वास आला आणि मी वांगी घ्यायची सोडून तशीच घरी आले. वांगेवाली मागून हाका मारत होती, पिशवी तिच्याजवळच राहिली होती. आज सकाळी जाऊन आणली. तिनं विचारलं, 'बाई, काल तब्येत बरी नव्हती का?' मी म्हटलं, ऊन लागलं. साठी उलटलेल्या बाईनं ऊन लागलं म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही.

मोहाच्या वासाबद्दल शहरातले लोक फार गोड लिहितात. त्यांनी तो वास गाडीच्या काचेतून घेतलेला असतो. दीड महिना अंगणात, ओसरीत, पोरांच्या कपड्यांत, शाळेच्या हजेरीपटातसुद्धा तोच वास असला की मग कळतं. ओलसर जागी ठेवून विसरलेल्या गुळासारखा वास आहे तो. एके काळी मलाही आवडायचा. आता नाही.

मी एकटी राहते. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी पुण्याला असते. घर माझंच, राइस मिलच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या आणि एक न्हाणी. मुलीनं मला नियम घालून दिलेत. सातच्या आत मोबाइलवर 'गुड मॉर्निंग' गेलं पाहिजे. न्हाणीची कडी लावायची नाही. स्टुलावर चढायचं नाही. एक किल्ली शेजारच्या घरी. तिचं म्हणणं काही चूक नाही, पण ज्या पोरीला मी बोट धरून अंकलिपी शिकवली, तिनं मला कडी लावायची की नाही हे सांगावं, याचा राग येतोच. मी तिला म्हणतेही, 'अगं, मी काय पहिलीतली पोट्टी आहे का, रोज हजेरी घ्यायला?' ती म्हणते, 'हो, आहेस.' आणि फोन ठेवते.

गेल्या महिन्यात मला ताप होता. अंगाखालची चादर ओली झाली होती आणि उठून पाणी घ्यायचंही होत नव्हतं. पण पावणेसातला हात उशीखाली गेला, मोबाइल सापडला, आणि मी तिला जास्वंदीचं फूल पाठवलं, खाली 'शुभ सकाळ'. तिनं उलट हसरा चेहरा पाठवला. ती निर्धास्त झाली आणि ऑफिसला गेली. मी दुपारपर्यंत तशीच पडून होते. खोटं बोलायचं असं मनात नव्हतं. सवय होती, हात आपोआप गेला. नंतर बरी झाल्यावर तिला सांगितलं नाही. तेव्हापासून मात्र ते फूल पाठवताना दर वेळी अंगठा थांबतो, कारण असल्या खुणा किती खऱ्या असतात ते मला फार आधीच कळायला हवं होतं. कळलंही होतं. धानोऱ्याच्या पुढच्या एका गावात, मोहाच्याच दिवसांत.

ती माझी नोकरीची शेवटची चार वर्षं. बदलीचा कागद आला तेव्हा घरचे म्हणाले, रजा टाक, तब्येतीचं कारण दे. मी हट्टानं गेले. गावात राहायला जागा म्हणजे सोमारीबाईचं अर्धं घर. तिचा मुलगा आणि सून दर साली पौषानंतर तेलंगणात मिरची तोडायला जायचे, ते पार वैशाखात परत. मुलानं जाण्याआधी मधोमध कुडाची भिंत घातली, बांबूचे कूड, वरून शेणमातीचा लेप. इकडं मी, तिकडं ती. माझं दार रस्त्याकडं, तिचं आतल्या अंगणात. माझ्या खिडकीतून ते अंगण पूर्ण दिसायचं.

ती मला 'बाई' म्हणायची, कारण मी शाळेची बाई. मीही तिला 'बाई' म्हणायचे, कारण तिकडं वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. दोघी एकमेकींना बाई बाई करत असायचो आणि समोरची शेवंता हसून लोटपोट व्हायची. सोमारीबाई सत्तरीची असेल. काडीसारखी बारीक, कोपरापर्यंत गोंदलेली, बोलायला तिखट. कोंबड्यांशी गोंडीत बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि आम्हा सगळ्यांवर सारखीच ओरडायची.

राहायला गेले त्याच दिवशी तिनं मला खिडकीपाशी उभं केलं. म्हणाली, 'बाई, रोज सकाळी माह्या अंगणात पाहाजो. सडा दिसला तं मी आहो. नाई दिसला तं दार ठोकजो.'

शेणाचा सडा. इतकी साधी खूण. उजाडायच्या आत तिचं अंगण ओलं, हिरवट व्हायचं, आणि मी चहा गाळता गाळता खिडकीतून पाहून घ्यायचे. माझ्यासाठी तिनं खूण ठरवली ती कुकरची शिट्टी. कुकरला ती घाबरायची, शिट्टी झाली की भिंतीपलीकडून शिवी यायची, पण रोज तिची वाट पाहायची. एकदा गॅस संपला आणि शिट्टी झाली नाही, तर ही बाई दारात हजर. हातात चुलीवरचा भात आणि तोंडात बोलणी, की मेली असशील असं वाटलं, असं कोणाला भेव घालतेत का? मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. नवरा गेल्यावर पहिल्यांदा कोणीतरी मी जिवंत आहे की नाही याची चौकशी केली होती.

कुडाच्या भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. तिचं खोकणं, कण्या निवडणं, देवाशी भांडणं. मला तिचा दिवस आवाजांवरून पाठ झाला होता. आता वाटतं, पाठ झालेलं माणूस आपण नीट वाचत नाही. वर्गातही तेच व्हायचं. पाठ झालेला धडा पोरं पुस्तकात न पाहता म्हणायची आणि मधली एक ओळ गाळायची, आणि त्यांना गाळल्याचं कळायचंच नाही.

मग फाल्गुन सरला की मोह गळायला लागायचा. गावाचं सगळं वेळापत्रक फिरायचं. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असायची, आणि पहाटे पहाटे टोपल्या घेऊन घरंच्या घरं रानात. प्रत्येक घराचं आपापलं झाड. त्याला कागद नाही, पण ह्या घरचं झाड त्या घरचा माणूस वेचणार नाही. रानात बायका एकमेकींना 'कूऽ' करून आवाज द्यायच्या. एकीनं दिला की दुसरीनं द्यायचा, तिसरीनं. आवाज आला नाही तर सगळ्या जणी हातातलं टाकून तिकडं धावायच्या. मी एकदा सुटीच्या दिवशी सोबत गेले होते. मला फुलं वेचायला जमेनात, कंबर मोडली, पण तो आवाज अजून कानात आहे. त्या घनदाट रानात एकही बाई एकटी नव्हती.

आणि गावात अंगणं बदलायची. वेचलेला मोह अंगणभर वाळत घातलेला. त्यावर पाणी कोण शिंपडेल? शाळेत मी 'मोह' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. चौथीतल्या एका पोरीनं लिहिलं होतं, 'मोहाच्या दिवसांत आमच्या अंगणात सडा पडत नाही.' मी लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि पुढची वही घेतली. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. आमच्या दोघींचा सगळा करार त्या सड्यावर उभा आहे, आणि दीड महिना सडाच नसणार, हे मला त्या ओळीवरून समजायला काय हरकत होती? बी.एड. झालेली बाई मी.

त्या वर्षी नाल्यापलीकडं जनावर आलं होतं. तिकडं वाघाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. नाल्याकाठी एक गाय मारली. फॉरेस्टगार्ड दुपारी गावात येऊन सांगून गेला, एकटं जाऊ नका, उजाडल्याशिवाय जाऊ नका, नाल्यापलीकडं तर जाऊच नका. आणि सोमारीबाईचं झाड नेमकं नाल्यापलीकडं. बाकीच्या बायका अलीकडच्या बाजूला जायच्या. तिची चाल हळू, ती मागून एकटीच जायची. 'कूऽ' केलं तरी ऐकू येईल इतक्या जवळ कोणी नसायचं.

संध्याकाळी मी तिला समजावलं. आधी गोडीनं. मग शाळेच्या आवाजात. ती मोह चाळत बसली होती, मान वर करेना. म्हणाली, झाड वाट पाहते, मोव कोणासाठी थांबत नाई. माझं डोकं फिरलं. मी अंगणात उभी राहून, शेवंताच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, 'उद्या गेलीस तर माझ्याशी बोलू नको. जिवंत परत आलीस तरी बोलू नको.'

ती उठली, घरात गेली, दार लावून घेतलं. माझ्या मनात भीती होती, खरंच होती. पण भीती मला कधी भीतीसारखी दाखवता आली नाही, ती रागाच्याच तोंडानं बाहेर पडते. मुलगीही तेच म्हणते माझ्याबद्दल.

सकाळची शाळा होती. उठून खिडकीशी गेले. सडा नाही. अंगणात कालचा मोह तसाच पसरलेला, दार बंद. गल्लीत चिटपाखरू नाही, सगळा गाव रानात. मी मनात म्हटलं, गेली. शेवटी गेलीच म्हातारी. मला इतका राग आला की मी चहा अर्धा टाकून दिला. दाराला बाहेरून साखळी आहे की नाही, एवढं पाहायला वीस पावलं चालावी लागली असती. वीसही नाहीत. मी कुलूप लावलं आणि शाळेत गेले, आणि शाळेत सगळा वेळ कान रस्त्याकडं. रानाकडून ओरडा आला तर? घरची चूल पेटवण्यात उशीर झाला म्हणून एक पोरगी रडत आली, तिच्यावर मी उगाच खेकसले.

अकराच्या सुमारास बायका परतल्या. टोपल्या डोक्यावर, हसत-बोलत. म्हणजे काही झालं नव्हतं. मला एकदम हायसं वाटलं आणि हायसं वाटल्यावर राग दुप्पट झाला. आता हिच्याशी चार दिवस बोलायचं नाही, ठरवलं.

जेवून पडले होते. बाहेर ऊन रणरणत होतं. भिंतीतून आवाज यायला लागला. टक्. टक्. थांबून पुन्हा टक् टक्. वाळलेला मोह काठीनं बडवून त्यातले तुरे झाडतात, त्या दिवसांत दुपारी घराघरांतून तोच आवाज येतो. मी म्हटलं, बघा बाईचा तोरा. आली जंगलातून आणि मला ऐकू जावं म्हणून माझ्याच भिंतीशी बसून बडवते आहे. मध्येच एकदा खोकल्यासारखं काहीतरी झालं. मी उठले आणि रेडिओ लावला. आवाज आला तसा रेडिओ मोठा केला.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. आवाज आला नाही असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी मान हलवली, की बरोबर आहे, कसा येणार. आवाज आला होता. मी रेडिओ मोठा केला.

उन्हं उतरल्यावर शेवंता पाण्याची गुंडी घेऊन जाताना खिडकीशी थांबली. सोमारीबाई दिवसभर दिसली नाही म्हणाली. मी तोंड वाकडं करून म्हटलं, आहे ना आत, दुपारपासून मोह बडवते आहे. शेवंता अंगणाकडं पाहत राहिली. मग हळू म्हणाली, 'बाई, तिचा मोव तं अंगणातच पसरून हाय. आत काय बडवून राह्यली ते?'

 मी पाहिलं. सगळा मोह अंगणात. कालपासून कोणी हात लावलेला नाही. कोंबड्या त्यातून फिरत होत्या आणि त्यांना कोणी हाकललं नव्हतं. आम्ही दोघी धावलो. साखळी बाहेरून नव्हती, आतून अडसर होता. शेवंताच्या नवऱ्यानं छपरावर चढून कवेलू काढले, आत उतरला, दार उघडलं.

ती माझ्या भिंतीला लागून पडली होती. हातात पितळी लोटा. त्याच लोट्यानं ती ठोकत होती. भिंतीचा लेप तिथं वाटीएवढा निघाला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, ओठ फुटले होते, डोळे उघडे होते.  शेवंतानं बोटानं पाणी पाजलं. मी पदर तोंडात धरून उभी होते आणि माझ्या खोलीतला रेडिओ अजून चालू होता, शेतकऱ्यांसाठी काहीतरी सांगत होता.

गावातल्या एकाची जीप होती. तिच्यात खाट बांधून धानोरा, तिथून गडचिरोली. मुलाला निरोप पोचायला दोन दिवस लागले. तो आला, त्यानं माझे पाय धरले, की बाई तुम्ही होतात म्हणून माय वाचली. मी पाय मागे घेतले. ती वाचली असं म्हणायला हरकत नाही. पण पुन्हा उभी राहिली नाही, आणि तिचं घर, ती कुडाची भिंत, काहीच तिनं परत पाहिलं नाही. मुलानं तिला सासुरवाडीच्या गावी नेलं. पावसाळा संपता संपता ती गेली. शेवंतानं कळवलं. मी तेव्हा निवृत्तीच्या कागदांत होते, आणि मला त्या कागदांवर सही कुठं करायची तेही दिसेना.

किती वेळा मी तो दिवस उलटापालटा केला आहे. कोणी परका माणूस शेजारी असता तर त्यानं दार ठोकलं असतं. परक्याला सोमारीबाई हट्टी आहे हे ठाऊक नसतं. त्याला मोह बडवल्याचा आवाज ओळखू आला नसता, तो म्हणाला असता, हे काय वाजतंय बुवा, आणि उठून पाहायला गेला असता. मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असण्यानंच घात केला. आणि रुसवा होता. रुसलेलं माणूस दार ठोकत नाही, दुसऱ्यानं ठोकावं म्हणून बसतं. ती तर ठोकतच होती.

मुलगी म्हणते, आई, तू घड्याळ घाल मनगटावर, पडलीस तर ते आपोआप मला कळवतं. घालीनही. पण मला खरी भीती पडायची नाही वाटत. एखाद्या दिवशी मी तिच्याशी फोनवर वाकडं बोलेन, ती रागानं म्हणेल, राहू दे, बसू दे तिला रुसून, आणि नेमका तो दिवस असेल. या भीतीनं मी अलीकडं तिच्याशी भांडत नाही. म्हणजे भांडते, पण झोपायच्या आधी मीच फोन करते. ती चकित होते. म्हणते, तुझं काय झालंय? मी म्हणते, वय झालंय.

ती पडली त्याच्या पुढच्या रविवारी मी गडचिरोलीला गेले होते, एसटीनं. दवाखान्यात तिची खाट खिडकीशी होती. पायाला वजन बांधलेलं. हातांचं गोंदण त्या पांढऱ्या चादरीवर फार काळं दिसत होतं. मुलगा चहा आणायला गेला. आम्ही दोघीच. मी केळी सोलून देत होते, तिला नको होती. मग बोलायला काहीतरी हवं म्हणून, आणि आठवडाभर तेच डोक्यात होतं म्हणून, मी विचारलं, त्या दिवशी तू रानातून परत कधी आलीस? पडलीस कधी?

ती माझ्याकडं बघत राहिली, जसं काही मी न कळणाऱ्या भाषेत बोलले.

'कुठून आली?'

'मोह वेचून. नाल्यापलीकडून.'

'मी नाई गेली,' ती म्हणाली. पहाटे सवयीनं उठली होती, टोपली घेतली होती. दारापर्यंत आली आणि माझं बोलणं आठवलं. टोपली परत खुंटीला लावायला वळली, अंधारात पाय सटकला, शुद्ध हरपली. भिंतीपर्यंत सरपटत यायला दुपार झाली. म्हणजे ती पडली मी उठायच्या आधी. म्हणजे मी चहा टाकला तेव्हा, कुलूप लावलं तेव्हा, जेवले तेव्हा, सगळा वेळ.

माझ्या हातात केळं तसंच राहिलं. तिनं माझं मनगट धरलं. रागानं नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच, रुसवा होता, लहान पोरीसारखा, आठ दिवस जपून ठेवलेला.

'तू नको म्हटलं तं मी नाई गेली, बाई,' ती म्हणाली. 'मंग तू बोलली काऊन नाई?'